अक्षता सगळेच टाकतात

संक्रांतीच्या यात्रेत अक्षतेच्या दिवशी दुपारी सोलापुरात सिद्धेश्वर मंदिराशेजारच्या संमती कट्ट्याभोवती पाय ठेवायला जागा उरत नाही. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघालेले सात नंदीध्वज एकामागून एक येऊन उभे राहतात. सोलापूरकर त्यांना नुसते 'काठी' म्हणतात. उंचच उंच बांबू, त्याला बाशिंग, हार, आणि तो कमरेच्या पट्ट्यात तोलून धरणारी बाराबंदीतली पांढरीशुभ्र माणसे. लग्न आहे, पण नवरदेव नाही. सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणून हटून बसलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, अशी कथा आहे. बाराव्या शतकातल्या त्या प्रसंगाची ही दरवर्षीची उजळणी. लग्नाची संमती वाचली जाते, आणि हजारो हात एकदम वर जातात. क्षणभर हवेत तांदूळच तांदूळ.

त्या हातांत माझ्या काकांचा हात असे. काका देव मानत नसत. गिरणीत साळखात्यात कामाला, युनियन लाल बावट्याची. घरातल्या देव्हाऱ्यासमोर त्यांना हात जोडताना मी कधी पाहिले नाही, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. तरी यात्रेच्या आधीच्या महिन्यात संध्याकाळी काठीचा सराव सुरू झाला की जेवण टाकून ते बघायला जात. कोणाचा तोल कसा आहे, कोण वाऱ्याला घाबरतो, यावर रात्री ओट्यावर बोलत बसत. मी शाळेत असताना एकदा विचारले, "काका, तुम्ही देव मानत नाही, मग अक्षता कशाला टाकता?" ते म्हणाले, "लग्नाला गेल्यावर अक्षता टाकायच्या नाहीत का?"

हे उत्तर मला तेव्हा टाळाटाळ वाटले होते. पुढे धर्माचा समाजशास्त्रीय अभ्यास वाचत गेले तेव्हा कळले, की आपल्याकडच्या नास्तिकाचे सगळे स्थान त्या एका वाक्यात आहे. आपला समाज माणसाला 'तू मानतोस का?' असे फारसे विचारत नाही. तो विचारतो, 'तू येतोस का?' येणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, याची चौकशी कोणी करत नाही. न येणाऱ्याची मात्र लगेच होते.

युरोपात हा हिशेब बराच काळ उलटा होता. तिथे श्रद्धेची वचने तोंडाने उच्चारून कबूल करावी लागत. चार्ल्स ब्रॅडलॉ हे उघड नास्तिक १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, पण देवाच्या नावाने घ्यायच्या शपथेवरून वाद पेटला आणि सभागृहात नीट बसायला त्यांना १८८६ उजाडले. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत आणि सभागृह पुन्हा पुन्हा बाहेर काढी. शेवटी १८८८ मध्ये कायदाच बदलला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईत आले, तेव्हा त्यांचे मोठे स्वागत झाले. पुण्यात त्याच काळात देवाधर्माची उघड चिकित्सा करणारे गोपाळ गणेश आगरकर 'सुधारक' हे पत्र चालवत होते.

आपल्या संविधानात ही अडचण सुरुवातीलाच सोडवून ठेवली आहे. लोकप्रतिनिधी एकतर ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, दोन्हींचे वजन सारखेच. उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती एच. व्ही. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडली. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणाऱ्यांत देवभक्त पुष्कळ होते. देवाचे नाव सक्तीने कोणाच्या तोंडी घालू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मला हा आपल्या लोकशाहीतला फार मोठा क्षण वाटतो, आणि शाळेत तो शिकवला जात नाही याची खंत वाटते.

'नास्तिक' हा शब्दही आपल्याकडे देवाभोवती जन्मलेला नाही. पाणिनीच्या व्याकरणात 'अस्ति' आणि 'नास्ति' अशी मती असणारे ते आस्तिक आणि नास्तिक, आणि भाष्यकारांनी त्याचा संबंध परलोकाशी जोडला. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले. या मापाने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले. उलट जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक वेद मानतात म्हणून आस्तिकांच्या पंक्तीला बसले. आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकावरच्या आपल्या पुस्तकाला 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' असे नाव दिले, त्यामागेही या शब्दाची उलटतपासणी आहे.

सोलापुरात राहणाऱ्याला यासाठी पोथ्या उघडायची गरज नाही. इथला जैन समाज जुना आणि कर्तबगार. उद्योगपती वालचंद हिराचंद १८८२ मध्ये याच गावात जन्मले. जीवराज गौतमचंद दोशींच्या नावाने चालणाऱ्या ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत जैन ग्रंथ इथून छापून जगभरच्या विद्वानांपर्यंत पोचवले. या धर्मात जग निर्माण करणारा देव नाही. तीर्थंकर नवसाला पावत नाहीत, कारण ते काही देत-घेतच नाहीत. तरी मंदिर आहे, उपास आहे, पर्युषण आहे. 'देव नाही तर धर्म कसला?' असे विचारणाऱ्याला शेजारच्या गल्लीतच उत्तर सापडते.

आणि सिद्धरामेश्वरांचे काय? वीरशैव परंपरेतल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात एक प्रसंग आहे. सिद्धराम सोन्नलिगेत, म्हणजे आपल्या सोलापुरात, तळे खोदवून घेत आहेत, देवळे उभारत आहेत. तिथे अल्लमप्रभू येतात आणि या दगडमातीच्या खटाटोपाला थेट नावे ठेवतात. कामावरची माणसे चिडून त्यांच्यावर दगडफेक करतात. पुढे वाद होतो, सिद्धरामांचे मन पालटते आणि ते अल्लमांबरोबर बसवेश्वरांच्या कल्याणला जातात. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण यात्रा भरवतो, त्यांच्याच चरित्रात देवळाच्या उपयोगावर शंका घेणारा पाहुणा मानाने उभा आहे. अल्लम नास्तिक नव्हते. पण प्रश्न विचारणाऱ्याला दगड बसतात आणि नंतर त्याचेच ऐकले जाते, हा क्रम आठशे वर्षांपूर्वीच्या, याच तळ्याकाठच्या गोष्टीत आहे. आज तळ्यावर फिरायला येणाऱ्या किती जणांना ही गोष्ट ठाऊक असेल?

आता काकांकडे वळते, कारण 'लग्नाला गेल्यावर अक्षता टाकायच्या' हे धोरण एका मर्यादेपर्यंतच पुरते. दुसऱ्याच्या कार्यात नास्तिक सुखाने वावरतो. स्वतःच्या घरी कार्य निघाले की त्याची कसोटी लागते.

लग्नाचेच पाहा. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीने लग्न करायचे, तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म पाळत नाही असे सुरुवातीला जाहीर करावे लागे. धर्म सोडल्याशिवाय विधी सोडता येत नसे. १९५४ च्या कायद्याने ती अट सर्वांसाठी गेली. आता वर-वधूंनी नोटीस द्यायची, ती तीस दिवस कार्यालयात लागते, मग तीन साक्षीदारांच्या सह्या. कायद्याने सोपे आहे, पण घरच्यांना ते लग्न वाटत नाही. म्हणून पुष्कळ घरांत सकाळी नोंदणी होते आणि संध्याकाळी हॉलमध्ये अंतरपाट धरला जातो. यात मला ढोंग दिसत नाही. आईवडिलांना अंतरपाट बघायचा असतो, मुलांना आईवडिलांचे चेहरे बघायचे असतात.

कागदावर धर्म लिहिण्याची गोष्ट वेगळी. हिंदू विवाह कायद्याच्या दृष्टीने जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, तो बहुतेक वेळा हिंदूच धरला जातो. त्याने देव मानला काय, न मानला काय. हिंदू घरातला नास्तिक कायद्याच्या खात्यात हिंदूच राहतो. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केले, की 'माझा कोणताही धर्म नाही' असे म्हणण्याचा अधिकार नागरिकाला आहे आणि सरकार त्याच्यावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. याचिका करणारे नास्तिक नव्हते. येशूवर त्यांची श्रद्धा होती, पण कोणत्याही धर्माचे लेबल त्यांना नको होते. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवून नोंद करणारे साऱ्या देशात सुमारे ३३ हजार निघाले. त्यांतले साडेनऊ हजारांहून थोडे अधिक महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. पण प्रगणक दारात आल्यावर माझ्या काकांनीही 'हिंदू' असेच सांगितले होते. प्रश्न विचारणारी मुलगी शेजारच्या शाळेतली शिक्षिका होती, आणि तिच्या कागदावर आणखी तीस घरे बाकी होती.

सर्वांत अवघड दार मृत्यूचे, कारण तिथे नास्तिक स्वतः बोलायला नसतो. आगरकर १८९५ च्या जूनमध्ये गेले. जाण्याआधी त्यांनी आपल्या दहनासाठी लागणाऱ्या पैशांची पुरचुंडी बांधून ठेवली होती, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ज्या माणसाची पुण्याच्या सनातन्यांनी तो जिवंत असताना प्रेतयात्रा काढली, त्याला आपल्या खऱ्या प्रेताची व्यवस्था स्वतः करून ठेवावी लागली. सावरकरांनीही आपला देह विद्युतदाहिनीत द्यावा, श्राद्धपक्ष करू नये असे लिहून ठेवले होते, आणि १९६६ मध्ये ते गेल्यावर देहाला विद्युतदाहिनीतच अग्नी दिला गेला. अलीकडे देहदान हा मार्ग अनेकांना जवळचा वाटतो. सोलापुरात १९६३ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथल्या शरीररचना विभागाला शिकवण्यासाठी देह लागतात. फक्त इच्छापत्र भरून भागत नाही. त्या दिवशी फोन कोणी करायचा, हे घरात ठरलेले असावे लागते.

नास्तिक गप्प राहून वागतो तोवर समाज त्याला सांभाळून घेतो. तो बोलू लागला की चित्र बदलते. आगरकरांचे तेच झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची तर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर गोळ्या घालून हत्या झाली. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती 'देव नाही' असा प्रचार करत नव्हती. देवाधर्माबद्दल समिती तटस्थ राहील आणि देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध करील, ही त्यांची जाहीर भूमिका होती. डॉ. श्रीराम लागू त्यांच्याबरोबर गावोगाव फिरत. लागूंचे मत वेगळे होते. देवाला रिटायर करा, असे ते उघडपणे लिहीत आणि बोलत. एकाच मंचावर दोघे आपला मतभेद शांतपणे मांडत, आणि श्रोते तो ऐकून घेत. मी अशी माणसे पाहिली आहेत, जी माळ घालून त्या कार्यक्रमाला आली आणि शेवटपर्यंत बसली.

दाभोलकरांच्या हत्येनंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. अनेक वर्षे तो अडला होता, कारण या कायद्याने वारी आणि पूजा बंद होतील अशी भीती वारकऱ्यांत पसरली होती. मंजूर झालेला कायदा उघडून पाहावा. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना तो लागू नाही, असे त्यात शब्दांनिशी लिहिलेले आहे.

आणि वारी तर आमच्याच जिल्ह्यात येऊन थांबते. पंढरपूर हे न मानणाऱ्यांना, अर्धवट मानणाऱ्यांना आणि वेगळे मानणाऱ्यांना सामावून घेणारे गाव आहे. गाडगेबाबा आयुष्यभर पंढरीला येत. रस्ते झाडत, कीर्तन करत, आणि देवळात जात नसत. दगडाच्या देवावर ते कीर्तनात जे प्रश्न विचारत, ते एखाद्या सुशिक्षित नास्तिकाने सभेत विचारले असते तर दंगा झाला असता. बाबांना लोक हसून दाद देत आणि घरी जाऊन विचार करत, कारण त्यांच्या हातात खराटा होता आणि त्यांनी बांधलेल्या धर्मशाळेत लोक उतरलेले असत. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. गुरुजी श्रद्धावान, पण त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या अनेकांना विठोबापेक्षा समतेची ओढ होती. इरावती कर्वे समाजशास्त्रज्ञाची वही घेऊन दिंडीत चालल्या. त्यांच्या 'वाटचाल' या लेखात जेवणाच्या पंक्ती जातीनुसार वेगळ्या बसतात याचे दुःखही आहे आणि चालताना लाभलेल्या जवळिकीचा आनंदही. दि. बा. मोकाशींचे 'पालखी' हे पुस्तकही अशाच पाहुण्या डोळ्यांनी लिहिलेले. वारीने या दोघांना 'माळ कुठे आहे?' असे विचारून परत पाठवले नाही. चालायला लावले आणि भाकरी दिली.

इथवर जी नावे आली, त्यांत इरावतीबाई वगळता सगळे पुरुष आहेत. हा योगायोग नाही.

आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या आणि आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत. हे नेहमी आगरकरांच्या मोठेपणाचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि तो मोठेपणा आहेच. पण घराची दुसरी बाजूही बघायला हवी. पुरुष देव मानत नाही, म्हणून देव्हारा बंद पडत नाही. दिवा कोणीतरी लावतेच. भोगीला हरभरा, गाजर, वांगी घालून मिसळीची भाजी होते, तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, गव्हाची हुग्गी शिजते, नैवेद्य निघतो. नास्तिक पुरुष पाटावर बसून ती हुग्गी मनापासून खातो, आणि 'मी काही मानत नाही बरं का' असे म्हणायला मोकळा राहतो. त्याच्या वाटचा धर्म घरातली बाई करून टाकते. तिने मात्र एका संक्रांतीला 'मी मानत नाही' असे म्हणून चूल थंड ठेवली, तर तिला कोणी विचारवंत म्हणत नाही. सासूला, नणंदेला, शेजारणीला उत्तरे देता देता तिचा महिना जातो. पुरुषाने देव सोडला तर ते त्याचे मत ठरते. बाईने सोडला तर तिने घर सोडले असे मानतात. मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या ही तर अंगावरची शपथ, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेचा पर्याय तिथे नाही.

या बाजूने खरे काम आमच्याच जिल्ह्यातून सुरू झाले. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या पत्नीची बांगड्या फोडून, कुंकू पुसून केलेली विटंबना पाहिली. त्यांनी स्टँपपेपरवर लिहून दिले, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर यातला एकही प्रकार होऊ नये. त्यांच्या मोहिमेतूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींसमोर आदर्श म्हणून ठेवला. या ठरावात देवाबद्दल एक अक्षर नाही. पण नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसलेल्या बाईला 'हे मी करणार नाही' असे म्हणायचे असेल, तर ते म्हणण्याआधी तिच्या मागे गाव उभे असावे, अशी सोय त्याने केली.

काका गेले तेव्हा हे सगळे व्हायचे होते. देहदानाचा फॉर्म त्यांनी भरला होता, काकूंनी सही केली होती. गाडी आली, देह गेला. घरात कोणालाच काय करावे सुचेना, कारण करायला काही उरलेच नव्हते. ना अस्थी, ना दहावा. नातेवाईक कुजबुजत होते. काकूंनी बांगड्या उतरवल्या नाहीत. तेराव्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, हुग्गी. नैवेद्याचे पान वाढले नाही.

नंतर कितीतरी दिवसांनी तीळ निवडताना मी त्यांना विचारले, "काकू, तुम्ही देव मानता का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मी काकांना दहा वेळा तरी विचारला असेन.

काकूंनी ताट थोडे उजेडात सरकवले. "मला कोण विचारलंय गं कधी," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं नैवेद्य केला. ते मानत नव्हते, सगळ्या गावाला माहीत. मी मानते का नाही, मलाच माहीत नाही. आता बसून बघायला पाहिजे एकदा."

मग त्यांनी तिळातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. यंदा अक्षतेला कट्ट्यावर जायचे तर गर्दी व्हायच्या आत निघायला हवे, म्हणाल्या.